जीटीओ काका

डेट्रॉइटच्या उपनगरात स्थिरावलेला मराठी माणूस पहिली वीस वर्षं हिशेबानं गाडी घेतो. मायलेज बघतो, पुढे विकताना किती येतील ते बघतो. मग मुलं कॉलेजला जातात, गॅरेजची एक बाजू मोकळी होते आणि एखाद्याच्या अंगात जुनी गाडी येते. आमच्या मंडळातल्या एका काकांच्या ती आली, आणि अजून उतरलेली नाही. त्यांचं खरं नाव फक्त वर्गणीच्या पावतीवर असतं. बाकी सगळे त्यांना जीटीओ काका म्हणतात.

गाडी १९६४ची पाँटिअ‍ॅक जीटीओ. तिची जन्मकथा काका आरतीच्या रांगेतसुद्धा सांगतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिअ‍ॅकच्या लोकांनी तो उघड मोडला नाही. टेम्पेस्ट नावाची सरळमार्गी गाडी घेतली आणि ३८९ घनइंचांचं इंजिन ‘जादा पैसे भरल्यास मिळेल’ अशा यादीत हळूच सरकवून दिलं. जवळजवळ ६.४ लिटर! म्हणजे मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची सहाएक इंजिनं एका बॉनेटखाली. “याला म्हणतात नियमात बसवणं,” असं काका भरल्या गळ्यानं सांगतात. सांगलीला त्यांचे वडील सरकारी नोकरीत होते.

या चलाखीचा ताप मात्र काकांच्या डोक्याला झाला. त्या वर्षी जीटीओ हे वेगळं मॉडेलच नव्हतं, त्यामुळे चासीच्या नंबरावरून गाडी खरी जीटीओ की बड्या इंजिनाची तोतया टेम्पेस्ट, हे कळत नाही. त्यासाठी कंपनीच्या मूळ बिलाची नक्कल मिळवावी लागते. काकांनी ती मिळवली, इंजिनाचा नंबर ताडून पाहिला, आणि मुलीच्या लग्नात न पाहिलेली पत्रिका गाडीसाठी पाहिली. छत्तीस गुण जुळले. त्या रात्री काकूंना बाहेर जेवायला नेलं आणि जेवताना तो कागद वाचून दाखवला.

काकांच्या खिशात कायम एक लोहचुंबक असतो. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, ते गाड्यांचा पत्रा खातं, आणि जुने मालक भोकांवर पुटी मारून वर रंग चढवतात. पुटीला चुंबक चिकटत नाही. एका साखरपुड्याला काकांनी मुलाच्या वडिलांची जुनी मस्टँग बाहेर उभी पाहिली आणि आत येण्याआधी तिच्या अंगावरून चुंबक फिरवला. “उजवीकडे मागचा पत्रा भरलेला आहे,” असं त्यांनी पेढा हातात घेता घेता जाहीर केलं. साखरपुडा टिकला. काकांना लग्नाचं बोलावणं आलं नाही.

काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची खूण असते. गाडी मार्चमधली आणि काच जूनमधली निघाली, की काकांची झोप उडते. पण खरी पराकाष्ठा खालच्या अंगाला आहे. तेव्हाचे कामगार पाळी संपायच्या घाईत रंग मारत. तो भलतीकडे उडे, कुठे ओघळे, आणि तपासनीस चासीवर खडूनं फराटे ओढून जाई. ते ओघळ काकांनी गाडीखाली उताणं पडून, जुने फोटो समोर ठेवून, बारीक ब्रशनं पुन्हा काढले. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी दोन सेकंदांत केलेल्या चुकीवर त्यांचा अख्खा नाताळ गेला. त्याच नाताळात घराच्या जिन्याला काकूंनी स्वतः रंग दिला. एकही ओघळ नाही, म्हणून काकांना तो पटला नाही.

“मूळचंच पाहिजे” हे त्यांचं ब्रीद. यावर काकूंनी एकच शस्त्रक्रिया केली. काकांचा गुडघा बदलून घरी आणला, त्या संध्याकाळी त्यांनी तो लोहचुंबक घेतला आणि पट्टीवरून फिरवला. चिकटला नाही. “अहो, पुटी!” म्हणाल्या.

जीटीओच्या जोडीला मग शिकागोच्या श्विन कंपनीची स्टिंग-रे सायकल आली. १९६३ साली निघालेली ही पोरांची सायकल. छोटी वीस इंची चाकं, लांबलचक सीट, शिंगांसारखं उंच हँडल. काकांनी ती इतकी चकचकीत केली, की तिच्या मडगार्डमध्ये बघून भांग पाडावा. पाहुण्यांना दाखवताना ते रंगात येतात. “लहानपणी हिच्यावरून आम्ही काय सुसाट...”

“अहो, तुम्ही सांगलीत होता,” काकू आतून म्हणतात.

सांगलीत काका तासाच्या भाड्यानं सायकल घेत आणि नळीखालून पाय घालून, अर्धंच पायडल मारत गावभर लंगडत. घरची सायकल एकच, वडिलांची काळी अ‍ॅटलस. ती काकांनी गेल्या खेपेला सुटी करून विमानानं आणली. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा तिनंच भरल्या. काकूंची भाजणी आणि सांडगे सांगलीतच राहिले. आणि ज्या माणसानं जीटीओचा एकेक स्क्रू पारखून घेतला, त्यानं अ‍ॅटलसच्या चाकाचा साधा आउटही काढला नाही. मडगार्डला पोचा आहे, तो हरभट रोडवरच्या टांग्याचा. सीटला सुतळी आहे, ती आजीनं बांधलेली. धूळ पुसायलाही मनाई. अमेरिकनांचं बालपण काकांना कोरं करकरीत लागतं. स्वतःचं ते पंक्चरसकट ठेवतात.

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा असते. १९९५पासूनची प्रथा. रस्ताभर इंजिनं गुरगुरतात आणि कडेला म्हातारे घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. यंदा काकांनी जीटीओशेजारी अ‍ॅटलसही उभी केली. एक वृद्ध गोरा गाडीपाशी रेंगाळला. त्याच्या वडिलांचीही हीच होती म्हणे, निळी. अपघातानंतर वडिलांनी भंगारातून टेम्पेस्टचा पांढरा दरवाजा आणून बसवला, आणि त्या खिडकीत कोपर टेकून तो शाळेत गेला. सांगता सांगता त्याचे डोळे भरले.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मग ती मूळची राहिली नाही,” म्हणाले.

तो निघून गेला. तेवढ्यात एक सरदारजी अ‍ॅटलसपाशी उकिडवे बसले. त्यांनी सायकल वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि हिंदीत निकाल दिला: सायकल अ‍ॅटलस, पण पायडल हीरोचं.

काका लालबुंद. “वडिलांनी स्वतः बसवलंय ते! म्हणजे मूळचंच झालं!”

काकूंनी थर्मासचं झाकण फिरवता फिरवता विचारलं, “अहो, मग त्या बिचाऱ्याच्या वडिलांचा दरवाजा?”

काकांनी बराच विचार केला.

“त्याचा रंग वेगळा होता,” ते म्हणाले, आणि खिशातून लोहचुंबक काढून शेजारच्या शेव्हरलेकडे वळले.