दोन संत, एक गाऱ्हाणं

शिमग्याला दापोलीजवळच्या आमच्या बुरोंडीत आलेला चाकरमानी देवीकडे काय मागतो, यावरून मुंबईत सध्या कशाची टंचाई आहे ते अचूक कळतं. गिरण्या होत्या तोवर गाऱ्हाणं नोकरीचं असे. मग खोलीचं आलं. पुढे पुनर्विकासात बिल्डरने कबूल केलेल्या चौरस फुटांचं आलं. यंदा आमच्या चुलत दादाने जे आणलं, ते ऐकून गुरवकाकांनी कानाला लावलेली विडी काढून परत लावली.

दादा परळला राहतो. चिरंजीव तेरा वर्षांचे. त्यांची सध्याची शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे आठवीला नवी शाळा हवी. नवी म्हणजे जुनी. मुंबईत शाळा जितकी जुनी तितका तिचा तोरा नवा. उमेदवार दोन उरले होते. धोबीतलावचं सेंट झेविअर्स, स्थापना १८६९, आणि माटुंग्याचं डॉन बॉस्को. दोन्ही कॅथलिक, दोन्ही इंग्रजी, दोन्हीकडे फादर. एक जेझुइटांची, दुसरी सालेशियनांची. हा फरक दादाला दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हता. आता तो अशा थाटात बोलतो, की जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला आमच्याच वाडीतला असावा.

दादाचा कल झेविअर्सकडे, कारण सुनील गावस्कर. वहिनीचा बॉस्कोकडे, कारण रवी शास्त्री. बॉस्कोने शालेय क्रिकेटची गाइल्स शील्ड पहिल्यांदा जिंकली ती १९७७ साली, शास्त्रींच्या कप्तानीत, हे वहिनी सनावळीसकट सांगते. तिने आयुष्यात एकही कसोटी सामना पुरता पाहिलेला नाही. चिरंजीव क्रिकेट खेळतात, नाही असं नाही. पण ते दोन अंगठ्यांनी, आणि बॅटरी उतरली की त्यांचा संघ सर्वबाद होतो.

दादाने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. बस, फी, मैदान, शिस्त, निकाल, आणि सगळ्यांत रुंद रकाना ‘पालकवर्ग’. मुलाचं मत कुठे आहे, असं मी विचारलं. तो रकाना घेतला तर प्रिंट एका कागदात येत नाही, असं कळलं.

मी सुचवून पाहिलं, की दोन्ही शाळा राज्य मंडळाच्या. पोरगं झेविअर्समधून दहावीला बसलं काय, बॉस्कोतून बसलं काय, किंवा इथून एसटीला लोंबकळत दापोलीला जाणाऱ्या पोरांबरोबर बसलं काय, परीक्षा घेणारं मंडळ एकच आणि पुस्तकं बालभारतीचीच. दादाने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. म्हणाला, “पुस्तक तेच असतं रे. बाजूला कोण बसतं, ते महत्त्वाचं.” म्हणजे फी बाकाची नव्हेच, बाकावरच्या शेजाऱ्याची. तो शेजारी कोणाचा मुलगा असावा, याचाही विचार झालेला होता. त्या शेजाऱ्याचे आईबाप सध्या कुठल्या तक्त्यात दादाचं नाव कुठल्या रकान्यात टाकत असतील, तो विचार मात्र राहून गेला होता.

ज्यांच्या नावाने या शाळा चालतात, त्या दोघांची तऱ्हा वेगळी होती. फ्रान्सिस झेविअर १५४२ साली गोव्यात उतरले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने पोरं गोळा करत हिंडले. डॉन बॉस्कोंनी तुरीनमध्ये अनाथ, टवाळ आणि तुरुंगातून सुटलेली पोरं जमवली. लहानपणी ते दोरीवर चालून, जादूचे प्रयोग करून मुलांची गर्दी खेचायचे. दोघांपैकी एकानेही पालकांचं उत्पन्न विचारल्याची नोंद नाही. तेव्हा संत मुलांच्या मागे धावायचे. आता पालक संतांच्या मागे धावतात, हातात साक्षांकित प्रती घेऊन.

आजीच्या काळी भीती एकच होती, मिशनच्या शाळेत पोरगं बाटेल. आजी गेली, भीती उलटी झाली. अल्पसंख्याकांच्या शाळांत त्यांच्या समाजाच्या मुलांना आधी जागा मिळते, संविधानाच्या कलम ३० चा तो हक्क आहे, हे वहिनीला कुणीसं सांगितलं. त्या रात्री आमच्या ओटीवर घराण्यात मागे कुणी बाटलं होतं का, याची अतिशय आशेने चौकशी झाली. एका खापरपणजोबांनी वसईला पाव खाल्ला होता, एवढंच निघालं. तेवढ्यावर जागा मिळत नाही.

या भागाला मिशनचं वावडं असायचं खरं तर तेव्हाही कारण नव्हतं. दापोलीच्या मिशन हायस्कुलातूनच पांडुरंग वामन काणे १८९७ साली मॅट्रिक झाले. त्यांनी पुढे धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला आणि १९६३ ला भारतरत्न मिळवलं. पालगडचे साने गुरुजीही त्याच शाळेत होते. हे ऐकून दादा क्षणभर चमकला. मग त्याने विचारलं, “ती कॅथलिक होती?” नव्हती. इंग्लंडच्या प्रॉटेस्टंटांची होती. “मग बरोबर,” तो म्हणाला, आणि साने गुरुजींचा प्रश्न तिथे निकालात निघाला.

मुरुडचे धोंडो केशव कर्वे तर १८७५ च्या सुमारास परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले. परीक्षकांनी ‘वय लहान दिसतं’ म्हणून तसंच परत पाठवलं. ही गोष्ट मी चिरंजीवांना स्फूर्ती म्हणून सांगितली. वहिनी मध्येच म्हणाली, “आईवडिलांनी आधी फोन करून विचारायला नको?”

सरकारने इंग्रजी शाळेची ही डोकेदुखी मिटवायचा एकदा प्रयत्न केला होता. १९५४ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना, मुंबई राज्याने हुकूम काढला, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाची मुलंच घ्यायची, बाकीच्यांना नवा प्रवेश नाही. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलवाल्यांनी दावा लावला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम उडवला. न्यायालयाचा निर्णय रास्तच होता. पण त्याचा खर्च आमच्या देवीला सोसावा लागेल, हे न्यायमूर्तींच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

वहिनीची खंत आणखी एक. इंग्रजी शाळा निवडूनही मराठी सुटत नाही. २०२० च्या कायद्याने ती दहावीपर्यंत सगळीकडे सक्तीची. त्यामुळे टक्के खाली येणार, म्हणून मराठीची शिकवणी आत्तापासून पाहून ठेवली आहे. शिकवायला गुजराती बाई आहेत, पण ‘स्कोअरिंग’ शिकवतात. झेविअर्सवाल्यांच्याच जेझुइट संघातला एक इंग्रज, फादर स्टीफन्स, गोव्यात येऊन मराठी शिकला आणि त्याने ख्रिस्तपुराणाच्या अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या. ते पुराण १६१६ साली छापूनही आलं. त्याने शिकवणी कुठे लावली होती, याचा शोध लागल्यास वहिनीला कळवणार आहे.

तर पालखी घरी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी दादा तक्ता घेऊन देवळात हजर झाला. ठरलं असं, की कौल उजवा पडला तर झेविअर, डावा पडला तर बॉस्को. वहिनीने तिथेच हरकत घेतली. डावी बाजू बॉस्कोला देणं हा पक्षपात आहे, उजवा कौल देवी सवयीनेच देते. अर्धा तास बाजूंची वाटाघाट चालली. गर्दीतून एकाने कायदेशीर मुद्दा काढला: मामला ख्रिस्तावांचा, शाळा मुंबईतली, मग हा आपल्या देवीच्या हद्दीत येतो काय? दुसरा म्हणाला, गोव्यातल्या झेविअर सायबाला नवस बोला, त्याचं खातं आहे ते. तिसऱ्याने डोंगरावर पृथ्वीगोलावर उभ्या असलेल्या परशुरामाकडे बोट दाखवलं. पण त्याने बाण मारून समुद्र हटवला होता. धोबीतलावच्या शाळेची वेटिंग लिस्ट त्याच्याच्यानेही हटली नसती.

चिरंजीव या काळात बंदरावर होते. होड्यांची जाळी शिवणाऱ्या एका पोराबरोबर बसून गाठ मारायला शिकत होते. त्यांना दोनदा हाक मारली, आले नाहीत. त्यांच्यावाचून काही अडलं नाही.

गुरवकाकांनी मूर्तीला कौलाच्या पाकळ्या लावल्या, घसा खाकरला.

“बाय माजे, म्हाराजा! ह्यो तुजा मुंबयचा चाकरमानी, सालाबादपरमानं शिमग्याला आलाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्याच्या पोराला दोन साळा हायत. येक झेवेराची, येक बोस्कोची. दोनीकडं फादर हायत, दोनीकडं फी हाय. त्यातली खरी कंची, ता तू दाव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. उजवी हलेना, डावी हलेना. दादाने तक्ता मूर्तीच्या जरा जवळ सरकवला. गुरवकाका वळले आणि त्यांनी इतक्या महिन्यांत कुणालाच न सुचलेला प्रश्न विचारला.

“दादानू, जागा कंच्या साळंनं दिलीय?”

दादा वहिनीकडे बघायला लागला. वहिनी तक्त्याकडे. कुठल्याच शाळेने नव्हती दिली. आठवीत जागा आहे की नाही, हेही विचारलेलं नव्हतं. आधी आपली पसंती पक्की करू, मग त्यांना कळवू, असा बेत होता.

“मग काका,” वहिनीने पटकन सावरून घेतलं, “त्यात जागेचंसुद्धा घाला ना.”

“घालतो की,” गुरवकाका पाकळ्या पुसून घेत म्हणाले, “पन त्याचा नारळ येगळा.”