पांढरं येऊ देऊ नका

डिसेंबरात जिन्यातून वर येताना संत्र्याच्या सालीचा वास आला की आमच्या इमारतीत समजतं, काकाजींची पेटी आली. पेटी काटोलहून येते, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, आणि ती उतरवून घ्यायला पहाटेच्या थंडीत कानटोपी घालून स्वतः काकाजी जातात. पुण्यात मार्केट यार्डातही नागपुरी संत्री मिळतात, असं त्यांचा मुलगा दरवर्षी सुचवून पाहतो. "आता या पोराले काय सांगावं जी," असं काकाजी आम्हाला सांगतात. पोराला काहीच सांगत नाहीत.

काकाजी निवृत्त ओव्हरसियर. जन्मभर सिमेंट-वाळूचं प्रमाण तपासलं, आता संत्र्याच्या केकसाठी मैदा-लोण्याचं तपासतात. मैदा 200 ग्रॅम, लोणी 120, साखर 150, अंडी 3. कुणी वाटीचं माप विचारलं तर "कोणाची वाटी?" असा उलट प्रश्न येतो. "माझी," काकू आतून म्हणतात, "जिच्या मापाची आमटी तुम्ही चाळीस वर्षं खाताय ती."

पण खरी कसोटी सालीची. नागपुरी संत्र्याची साल सैल. सोलायला सोपी आणि किसायला छळ. जरा दाबलं की साल आत जाते आणि किसणीवर लगदा. म्हणून घट्ट, ताजं फळ निवडून, न सोलता, हलक्या हाताने फिरवत फक्त वरचा नारिंगी थर घ्यायचा. त्याखालचं कडू. "पांढरं येऊ देऊ नका!" ही काकाजींची आरोळी वास्तविक स्वतःच्याच हाताला उद्देशून असते. एकदा जिन्याला चुना देणारा नेमका त्यांच्या दाराशी पोचला होता. आतून आरोळी आली, आणि तो बिचारा बादली उचलून खाली गेला.

मसाल्यात दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग. लवंगेवरून घरात एकमत नाही. "केक आहे की सावजी मटण?" हा काकूंचा शेरा.

संत्र्याचा रस आणि सोडा एकत्र आले की फसफस सुरू होते, आणि ती ओट्यावर वाया न जाता ओव्हनमध्ये कामी यायला हवी. त्यामुळे ओव्हन आधीच 170 अंशांवर तापलेला असतो आणि त्या घटकेला काकाजी कुणाचेच नसतात. अमेरिकेतल्या लेकीचा फोनसुद्धा "सोडा पडला बेटा" एवढं बोलून खाली ठेवला जातो. पन्नासेक मिनिटांनी काकूंची विणायची सुई केकच्या पोटात खुपसून पाहायची. कोरडी निघाली की झालं.

केकला वरून मधोमध भेग पडते. तिला मी एकदा 'तडा' म्हणालो. काकाजी दुखावले. "तडा भिंतीले जाते. येथं वरचा थर आधी पक्का होते, आतला माल मागून फुगते, मग तो वाट काढणारच ना जी!" इतक्या जिव्हाळ्याने त्यांनी एखाद्या पुलाबद्दलही बोललेलं मी ऐकलेलं नाही.

मसाला मुरायला हवा म्हणून केक दुसऱ्या दिवशीच कापायचा. संध्याकाळी काकाजी स्टीलचा डबा घेऊन घरोघर फिरतात आणि आपण घास गिळेपर्यंत उंबऱ्यात उभे राहतात. "लवंग लागली?" हो म्हटलं तर जास्त झाली, नाही म्हटलं तर कमी पडली, दोन्हीकडून चेहरा पडतो. तोंड भरलेलं ठेवून नुसती मान डोलवावी, हे आता आमच्या मुलांनाही जमतं. स्वतः काकाजींना मधुमेह. ते केक खात नाहीत, कडेचा एक तुकडा 'नमुना' म्हणून घेतात. ओव्हरसियरच ते, नमुने दिवसभर निघत राहतात.

पुढे अंबिया बहार आटोपतो, पेट्या थांबतात, आणि काकूंना त्यांची सुई परत मिळते. ती घासूनपुसून नातवाचा स्वेटर पुढे विणायला घेतात. फेब्रुवारीत मृग बहाराची फळं उतरायला लागतात. तोवर एक बाही होते.