अर्ध्या क्लचवर ठाणे

डोंबिवलीहून ठाणे रेल्वेने जेमतेम 15 किलोमीटर. माणूस एकटा असेल आणि दारात लटकायची तयारी असेल तर हा प्रवास लिहिण्याजोगा नाही. पण सोबत चार चाकं, पाण्याच्या पंपाचं 160 सीसी इंजिन आणि इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला भाचा असला की लोकल बाद. भाच्याला हे पटायला वेळ लागला. "मामा, लगेजच्या डब्यात मावेल की!" पेट्रोलचा वास मारणारा सांगाडा घेऊन कोळणींच्या पाट्यांमध्ये शिरलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे त्याला कॉलेजात शिकवत नाहीत. शेवटी छोटा हत्ती ठरवला. भाडं मामाकडे, हे न ठरवताच ठरलं होतं.

भाचा आणि त्याचे मित्र त्या वस्तूला गो-कार्ट म्हणत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिला 'तो प्रकार' म्हणत. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून पहिली गो-कार्ट केली. त्याच्या सेक्रेटरींचं म्हणणं इतिहासाने टिपून ठेवलेलं नाही.

प्रकाराचा आजार असा: रेस दिली की इंजिन बोंबलायचं आणि गाडी वरातीच्या चालीने निघायची. मग वास. मग धूर. क्लचवरची लोखंडी बेल तापून निळी पडलेली. रेस सोडली तरी गाडी थांबायची नाही, गुरगुरत पुढे सरकायची. मधूनच चेन उतरायची. या सगळ्यावर पोरांनी ऑइल पेंटने मोठा 73 आकडा काढला होता. तो गाडीचा नंबर नव्हता. ताशी 73 किलोमीटर, हा त्यांचा हिशेब होता.

वेगाच्या बाबतीत सल्ला द्यायला मी नालायक माणूस आहे. इतकी वर्षं डोंबिवलीत मोटार चालवूनही माझा चौथा गिअर शोरूममधून आला तसाच आहे. पाचवा असल्याचं कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय. गिअर बदलताना माझा डावा पाय जे काही करतो त्याला आमचा गॅरेजवाला "साहेबांचा रियाझ" म्हणतो.

कल्याण-शीळ रस्त्याला लागलो आणि शिळफाट्याच्या अलीकडे थांबलो. थांबलो म्हणजे पूर्ण थांबलो असतो तर बरं. दर मिनिटाला वीतभर पुढे. आमचा टेम्पोवाला ब्रेकवर विश्वास नसल्यासारखा अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरत होता. थोड्या वेळाने तो ओळखीचा वास आला. भाचा खूश. "मामा, सेम आपल्यासारखा!" टेम्पोवाला म्हणाला, "प्लेट गेली. या रस्त्याला टिकतच नाही." आजूबाजूच्या ट्रेलरांमधूनही तोच धूप दरवळत होता. या एका फाट्यावर रोज किती माणसांचं किती आयुष्य वीत-वीत जळतं याचा विचार आला की माझं डोकं तापतं. विनोद सुचत नाही. शिवी सुचते, आणि ती कोणाला घालावी हे विचारायला गेलं तर या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात.

मुंब्रा बायपासवरून मुंब्रादेवीचा डोंगर दिसला, खाली खाडी दिसली. खालून पारसिकच्या बोगद्यातून गाड्या 1916 पासून सुखाने जात आहेत. पुढे.

वागळे इस्टेट. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ही. आता निम्म्या शेडच्या जागी काचेच्या इमारती आहेत. अशाच एका इमारतीला पाठ लावून आमच्या मेस्त्रींची शेड उभी आहे. लेथ, मिलिंग मशीन आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मेस्त्रींच्या उजव्या तर्जनीचं पेर नाही. कुठे गेलं हे त्या वयाच्या मशीनवाल्याला विचारायचं नसतं.

त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. मागची चाकं विटांवर उचलून इंजिन चालू केलं. रेस नाही, तरी चाकं गरगर. "स्लो जास्त ठेवलाय," म्हणत त्यांनी कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळला, चाकं थांबली. पट्टी घेऊन पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटला टेकवली. पट्टी आणि मागच्या दातांमध्ये बोट शिरलं. चेन का उतरते हे सांगायची गरज उरली नाही. क्लच उघडून शूचा वास घेतला. "ह्याला तेल कोणी पाजलं?" चेनवर मारायचा स्प्रे एका उत्साही मित्राने सगळ्यांना सारखाच वाटला होता. आतल्या बुशला थेंबभर पुरतो, शू मात्र कोरडेच हवेत. पॉलिश पेपर फिरला.

असा क्लच आपल्याकडे नवा नाही. कायनेटिकची लूना 1972 साली आली तीही याच जातीची, क्लचची दांडी नसलेली. इंजिन मंद असताना शू स्प्रिंगांनी मिटलेले. फेरे वाढले की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या बेलला धरतात. किती फेऱ्यांना धरतात, इथेच सगळी मेख.

"कितीला धरतो?" मेस्त्रींनी विचारलं.

"2000," भाचा.

मेस्त्रींनी खडूने जमिनीवर मांडलं. पुढे 10 दात, मागे 40. इंजिनाचे चार फेरे, चाकाचा एक. 2000 ला चाक मिनिटाला 500 फिरणार. चाकं स्कूटरची, एका फेऱ्यात 1.35 मीटर. म्हणजे ताशी 40. "चाळीसच्या खाली हा क्लच धरणारच नाही. नुसता घासणार. इंजिन 3600 ला गेलं तर तुझे 73 होतील, पण तिथवर जायचं कुठून? तुमच्या डोंबिवलीत चाळीस कुठे मिळतं?"

"पहाटे तीनला, फडके रोडवर," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

उपाय एकच, मागे 72 दात. तयार मिळेना, तेव्हा पत्र्याची जाड चकती मिलिंगवर चढली, आणि मेस्त्रींनी डिव्हायडिंग हेडचं हँडल भाच्याच्या हातात दिलं. त्या हँडलचे 40 फेरे म्हणजे चकतीचा एक. 72 दातांसाठी दर दाताला 18 भोकांच्या वर्तुळावर 10 भोकं पुढे. एक भोक चुकलं की चकती भंगारात. पोरगा मोजायला लागला. पहिले काही दात मेस्त्री शेजारी उभे राहून अर्ध्या बोटाने भोकं दाखवत होते, मग त्यांनी बोट काढून घेतलं.

मी मिसळ खाऊन आलो. तलावपाळी पाहिली; तलाव जागेवर आहे. परत आलो तरी तो मोजतच होता. खिशातला फोन वाजत होता आणि हा ओठ हलवत "आठ, नऊ, दहा" म्हणत हँडलची पिन भोकात बसवत होता. जेवताना हातातला फोन काढून घेतला तर घर डोक्यावर घेणारं हेच कार्टं. माझ्या घशात काहीतरी अडकलं. मिसळ तिखट असते तिथली.

संध्याकाळी शेडमागच्या गल्लीत गाडी सोडली. क्लचने 22 च्या आसपास पकडलं, बोंब थांबली, वास नाही. फुल रेसला 40. 73 मधले 33 गेल्याचं दुःख भाच्याने हेल्मेटखाली लपवलं.

काचेच्या इमारतीचा वॉचमन शिट्टी फुंकत आला आणि पाटीकडे बोट दाखवून उभा राहिला: वेगमर्यादा 10.

भाच्याने खडू उचलला. "काका, दहाला क्लच धरायचा तर मागे 162 दात लागतील. म्हणजे स्प्रॉकेट 26 इंची. आमचं चाक 17 इंची. चाक जमिनीला टेकणारच नाही."

वॉचमनने आकडे नीट वाचले. "मग तेच बसवा," तो म्हणाला.