वेताळ परमनंट आहे का?

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ अनुकंपा तत्त्वावर लागलेला माणूस आहे, हे माझ्या ध्यानात यायला डी.एड. करून बरीच वर्षं बीडमध्ये घरी बसावं लागलं. लहानपणी अंबाजोगाईच्या मामांच्या ट्रंकेतले जुने अंक वाचताना मी कवटीची गुहा बघायचो, कवटीची अंगठी बघायचो. नेमणुकीची पद्धत कधी बघितलीच नव्हती. १५३६ साली मूळ पुरुषानं कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि तेव्हापासून बाप गेला की पोरगा त्याच जागी रुजू. जाहिरात नाही, परीक्षा शुल्क नाही, प्रतीक्षा यादी नाही. ली फॉकनं १९३६ मध्ये हे पात्र उभं केलं, तेव्हा एकविसावा वेताळ कामावर होता. आमच्याकडे अनुकंपाची फाईल एका पिढीत पुढच्या टेबलावर सरकली तरी पेढे वाटतात.

एकदा ही नजर आली की बाकीचे महानायकही सुटत नाहीत. सुपरमॅन पोलीस भरतीत मैदानी चाचणीला शंभर टक्के पास. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते, त्याची शर्टाआडूनही दिसते. १६०० मीटर तर तो शिट्टी वाजायच्या आत संपवेल. पण अडकणार कागदपत्रांत. जन्म क्रिप्टनचा आणि तो ग्रहच फुटलेला. आता मूळ गावचा दाखला कुठून आणायचा? शिवाय पुढे शंभर गुणांची लेखी आहेच आणि तिथं उडता येत नाही. स्पायडरमॅन १९६३ पासून फोटोमागं पैसे घेतो. आमच्या तालुका वार्ताहरांना त्याचं दुःख समजावून सांगायला नको. बॅटमॅन म्हणजे संस्थाचालकाचा मुलगा. त्याच्याबद्दल आपण काही बोलत नाही, कारण अर्ज तिथंही टाकलेला आहे.

हे सगळं सुचायचं कारण एक प्रश्न. "काय करायलास सध्या?" बीड जिल्ह्यात तो आष्टीपासून परळीपर्यंत एकाच सुरात विचारतात. त्यापासून हमखास वाचवणारी जागा एकच होती, वरातीतला डीजे. २००२ च्या सुमारास वैशाली सामंतचं 'ऐका दाजीबा' आलं, त्यावर मी इतका नाचलो की पाहुण्यांना वाटलं, पोराला संगीताची आवड दिसतेय. आवड कसली! त्या आवाजात मावशीचे ओठ हलताना दिसायचे आणि प्रश्न ऐकू यायचा नाही. धोका फक्त दोन गाण्यांच्या मध्ये. डीजेवाला गाणं बदलायला थांबला की त्या दोन सेकंदांत मावशीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जायचा, "आरं, अजून काईच नाई व्हय?"

पॉप गाण्यांवर माझा जीव जडला तो याच कारणानं. त्या दुनियेत कुणी कुणाला नोकरी विचारत नाही. १९९६ मध्ये लकी अली 'ओ सनम' म्हणत थेट इजिप्तमध्ये पिरॅमिडपाशी हिंडत होता. हा एवढे दिवस रजेवर आहे की बिनपगारी, याची कुणालाच काळजी नाही. त्याच्या आदल्या वर्षी आलेलं अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' म्हणजे तर चक्क मुलगा बघण्याचा कार्यक्रम. देशोदेशीचे उमेदवार नापास होतात आणि लाकडी खोक्यातून निघालेला मिलिंद सोमण पसंत पडतो. शेती किती, पुण्यात फ्लॅट आहे का, हप्ते किती राहिलेत, काही नाही! आमच्याकडे खोक्यातून निघालेल्या पोराला आधी टीईटीचं प्रमाणपत्र मागितलं असतं.

आणि अर्ज तरी किती करायचे? २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. उमेदवाराच्या दारात स्वतः येऊन, कामाआधी पैसे हातावर ठेवणारी भरती जिल्ह्यात एकच, ती म्हणजे ऊसतोडीच्या मुकादमाची. उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरवर संसार चढवायचा आणि कारखान्याच्या फडावर जायचं. मुलाखत नाही, वयोमर्यादा नाही. नवरा-बायको मिळून तिथं एक कोयता मोजतात. उचल फिटेपर्यंत सुट्टी नाही, एवढीच अट. उन्हातान्हात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईवर अजून कुणी कॉमिक्स काढलेलं नाही.

वेताळाचं मात्र मला एका बाबतीत फार बरं वाटतं. त्याचंही लग्न रखडलं होतं. १९३६ ला सुरू झालेलं प्रकरण १९७७ ला उजवलं आणि नवरी डायना कुठं नोकरीला, तर संयुक्त राष्ट्रसंघात! तो बीडमध्ये स्थळ बघायला आला असता, तर आमच्या तात्यांनी बैठकीत काय केलं असतं, ते मला चहाच्या कपासकट दिसतं.

"नोकरी कुठं म्हणलात?"

"जंगलात."

"वनखात्यात म्हणा की! परमनंट हाय ना?"

"मरेपर्यंत."

"पगार?"

"पगार नाही. गुहेत खजिना आहे."

"खजिन्याचं ऱ्हाऊ द्या, पगाराची स्लिप लागती." तात्यांनी बशीत चहा ओतला असता. "बरं, किती दिवस झाले या जागेवर?"

"आमच्या एकवीस पिढ्या."

"एकवीस पिढ्या," तात्या मुलीच्या बापाकडं वळून म्हणाले असते, "आन् एक प्रमोशन नाई. दुसरं बघू."