पार्किंगला इपॉक्सी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगच्या काँक्रीटला इपॉक्सी लावायचं ठरलं. ठरायला तीन सभा लागल्या, त्यांतल्या अडीच करडा की हिरवा यावर गेल्या. काँक्रीट कोरडं आहे का, असं विचारणाऱ्या आजोबांना 'विषयाला धरून बोला' म्हणून खाली बसवलं.

वास्तविक परीक्षा फुकटची होती. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून जमिनीवर रात्रभर ठेवायचा. सकाळी आत घाम दिसला, तर इपॉक्सीचं नाव काढायचं नाही. ओल खालून येते आणि थराला ढकलते. जमीन कोरडी निघाली, तरी तेलाचे डाग काढून, ग्राइंडर फिरवून ती खरखरीत करावी लागते. गुळगुळीत काँक्रीटवर थर धरत नाही. पण ग्राइंडिंगचा आकडा कमिटीनं कोटेशनमधून आधीच उडवला होता. जे दिसणार नाही त्याला पैसे कशाला?

काम जुलैत झालं. सवलत होती ना! इपॉक्सीत हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं. आमचा ठेकेदार नेमका तेव्हा चहाला गेला.

दसऱ्यापर्यंत गरम टायरांनी पोपडे उचलले. फाटकाजवळ, जिथे ऊन पडतं, तिथे हिरवा पिवळट झाला. उन्हात वरून पॉलियुरेथेनचा थर द्यावा लागतो, हे तेव्हा कळलं.

आता तिथे पाटी आहे: 'नवीन फ्लोअरिंग. गाड्या रस्त्यावर लावाव्यात.'