वरून खाली

(एकपात्री प्रयोग. रंगमंचावर पुण्यातल्या एका फ्लॅटचा हॉल. सोफा, टीपॉय, काचेचं शोकेस, भिंतीवर टीव्ही, एक स्टूल. मावशी येतात. दाराशी चपला काढतात, पदर खोचतात, सगळीकडे नजर फिरवतात आणि प्रेक्षकांकडे वळतात.)

वर्षभर मला या घरात एकच वाक्य ऐकू येतं. ‘मावशी, आज उशीर झाला का?’ दिवाळी तोंडावर आली की वाक्य बदलतं. ‘मावशी, चहा घेता ना? आलं घालून टाकलाय.’ आल्याचा चहा आला की मी समजते, आज काहीतरी मोठं काम अंगावर येणार.

आज हॉल. काकू म्हणाल्या, ‘असा लख्ख करा, की पाहुण्यांनी बोट दाखवायला नको.’ आता पाहुणे कुठे बोट दाखवतात? पाहुणे बोट फिरवतात. (शोकेसच्या वरच्या कडेवरून बोट फिरवते. बोटाकडे बघते. गोड आवाजात) ‘अय्या वहिनी, हे शोकेस जुनंच का गं?’ झालं! धुळीचं नावसुद्धा काढलं नाही, आणि वहिनींची दिवाळी आटोपली.

तर हॉल साफ करायचा म्हटलं, की लोक आधी झाडू धरतात. झाडूला हात लावायचा नाही! आधी पसारा. या टीपॉयवर चार रिमोट आहेत. त्यातल्या एकाचा टीव्ही कधीच भंगारात गेला. ही लग्नपत्रिका. यांच्या बाळाच्या बारशाच्या घुगऱ्यासुद्धा खाऊन झाल्या. एक मोठी पिशवी घ्यायची आणि जे हॉलचं नाही ते सगळं तिच्यात. पिशवी दाराबाहेर. वस्तू जागेवर लावायच्या त्या शेवटी, सगळ्या एकदम. मध्येच एकेक वस्तू ठेवायला उठायचं नाही. काकू एक सेफ्टीपिन ठेवायला कपाटाकडे गेल्या. कपाटात अल्बम निघाला. अल्बममध्ये काकांना केस होते! मग काय, शेजारच्या दोघींना बोलावून दाखवले.

आणि काका? काका रद्दी बांधायला बसतात. सुतळी शेजारी, चष्मा नाकावर. (पेपर उघडून) ‘अगं, ही पुरवणी वाचायची राहिली होती.’ पुरवणी २०१९ची! रद्दीवाला खालून ओरडतोय आणि हे वरून ओरडतायत, ‘अहो थांबा, शब्दकोडं अर्धंच सुटलंय!’

(स्टुलावर चढते.) आता नियम ऐका. तीनच आहेत. वरून खाली. आधी कोरडं, मग ओलं. आणि आतून दाराकडे. सूनबाईंनी गेल्या दिवाळीत आधी फरशी पुसली. अशी पुसली, की तिच्यात बघून टिकली लावावी. मग त्यांना आठवला पंखा. पंखा झटकला, आणि फरशी पुन्हा होती तशी.

म्हणून पहिली जळमटं. लांब काठीचा कुंचा, आधी चारी कोपरे, मग ट्यूबलाइटच्या मागे. तिथे पाल असते. ती चुकचुकली की काकू टेबलावर टकटक करून ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणतात, आणि मी स्टुलावर उभी राहून मनातल्या मनात सगळे देव म्हणते.

मग पंखा. जुनी उशीची खोळ घ्यायची. पातं खोळीत घालायचं, असं. वरून खालून दाबायचं आणि सावकाश ओढायचं. (ओढते, खोळ उलटी करून दाखवते.) बघा! धूळ खोळीत, डोळ्यात नाही. पण आधी बटण बंद, आणि बटणावर चिकटपट्टी. कारण घरात नातू असतो. ‘आज्जी, उकडतंय!’ म्हणत तो बटणाकडेच धावतो.

(उतरते. कोरडं फडकं घेऊन टीव्हीवर फटफट मारल्याचा अभिनय.) हे असं करतात. याने धूळ जात नाही हो, तिची बदली होते. सरकारी नोकरीतल्यासारखी. शोकेसवरून टीव्हीवर, टीव्हीवरून सोफ्यावर. तिला घरी बसवायचं तर फडकं दमट हवं. दमट! टपटपणारं नाही, त्याने चिखल होतो. कडकडून पिळायचं, घडी करायची, एक बाजू मळली की दुसरी. टीव्हीला मात्र मऊ आणि कोरडं फडकं, आणि त्याच्यावर थेट फवारे मारायचे नाहीत. पाणी कडेने आत उतरलं, की मालिका तिथेच समाप्त.

(शोकेस उघडते.) यातले कप बघा. यांची आणि चहाची आजवर भेट नाही. आणि हे गाडगेबाबा. छोटीशी मूर्ती, हातात खराटा. अमरावतीकडच्या शेंडगावचे, जन्म १८७६चा. गावात गेले की आधी खराटा चालायचा, कीर्तन रात्री. म्हणजे आधी काम, मग बोलणं. आमच्या सोसायटीत स्वच्छतेवर आधी मीटिंग होते. मग नाश्ता. मग बशा मी उचलते. (मूर्ती हळूच उचलते.) या खराट्यावरपण धूळ बसते बघा. मी पुसताना म्हणते, ‘बाबा, जरा पाय उचला.’ अख्ख्या घरात तेवढेच ऐकतात.

चारशे दोनमध्ये मशीन आहे, व्हॅक्युमचं. तिथले सर सांगत होते, १९०१ साली लंडनमध्ये बूथ नावाच्या इंजिनिअरला ते सुचलं. तेव्हाची यंत्रं धूळ फुंकायची. हा म्हणाला, फुंकण्यापेक्षा ओढली तर? म्हणून त्याने हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीला तोंड लावलं आणि ओढला श्वास! (सोफ्याला तोंड लावते, जोरदार ठसका.) गुदमरला! पण पटलं त्याला. मग यंत्र केलं ते एवढं मोठं, की घोडे जुंपून आणायचं, रस्त्यात उभं करायचं आणि नळ्या खिडकीतून आत सोडायच्या. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सोसायटीत पार्किंग कोण देणार?’ आणि चारशे दोनचं मशीन? त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून सरांनी त्याला कव्हर शिवलंय. ते कव्हर मी धुते.

(सोफ्याच्या गाद्या उचलते.) सोफ्याच्या फटीत हात घालायला छाती लागते. दोन नाणी. कानातल्याची फिरकी. आणि ही! गेल्या दिवाळीची चकली. (मोडते. कट् असा आवाज.) काकूंना दाखवली. म्हटलं, आता लाजतील. तर काकांना हाक मारून म्हणतात कशा, ‘बघितलंत? मोहन बरोबर पडलं होतं!’

खिडक्यांच्या काचा उन्हात पुसायच्या नाहीत. पाणी झटकन वाळतं आणि ओघळ राहतात. सकाळी लवकर पुसायच्या. सूनबाई मात्र मोबाइलवर बघून लिंबू, व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करतात. फसफसतं! घर खूश! अहो, आंबट आणि सोडा एकमेकांना मारून मोकळे होतात. उरतं खारट पाणी, आणि डाग जागच्या जागी हसत असतो. वर ते आंबट संगमरवरावर सांडलं तर दगडाची चमक कायमची जाते. मार्बलला साधं पाणी आणि थोडा सौम्य साबण. बास.

आता फरशी. आता! केर कोपऱ्यातून सुरू करायचा, दाराशी गोळा करायचा, तिथूनच उचलायचा. मग पुसायला दोन बादल्या. एक साबणाची, एक पिळायची. खिडकीकडून सुरू करायचं आणि मागे मागे दाराकडे यायचं. फरशी ओली झाली रे झाली, की घरातल्या प्रत्येकाला पलीकडे काम निघतं. काकांना चष्मा हवा. नातवाला बॉल हवा. काकू टाचांवर चालत येतात, ‘मी बघा, कडेकडेने जाते हं.’

(झाडू हातात घेते.) लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी येईल. हळदकुंकू, फूल, नमस्कार. ‘लक्ष्मी आहे हो!’ दुसऱ्या दिवशी तीच लक्ष्मी माझ्या हातात. मी म्हणते, काकू, पगाराचं तेवढं बघा की. काकू म्हणतात, ‘दिवाळी होऊ दे.’ म्हणजे हातात लक्ष्मी माझ्या आणि मागायचीही मीच!

एक सांगू? कचरा खाली दिसतो म्हणून सगळे खाली बघतात. फरशीला नावं ठेवतात, फरशी पुसणारीला ठेवतात. धूळ असते वर. पंख्यावर, शोकेसच्या डोक्यावर, जिथे कुणाची मान वळत नाही. मी रोज स्टुलावर चढते ना, मला दिसतं.

(पुढे येते. डोळ्यांवर हात धरून सभागृह न्याहाळते.) अगं बाई! हा तर केवढा मोठा हॉल! आणि खुर्च्यांखाली वेफर्सची पाकिटं, वड्याचे कागद, पाण्याच्या बाटल्या... नियम तोच. बाल्कनीवाले, आधी तुम्ही. आपापलं उचला आणि खाली या. मग मागच्या रांगा. सगळ्यांनी दाराकडे सरकायचं.

(पहिल्या रांगेकडे बघते. हात जोडते.) आणि तुम्ही, फुकट पासवाले... तुम्ही बसा. नुसते पाय वर घ्या.

(झाडत झाडत पहिल्या रांगेकडे येते. पडदा.)