‘निरंक’ भाडेकरू पाहिजे

आसनगाव-वासिंदकडे चाळीत खोली हवी असेल, तर अनामत, दलाली, अकरा महिन्यांचा करार, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो एवढ्याने भागत नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूच्या माहितीचा अर्जही लागतो. खोलीत कोण राहतं याची पोलिसांना खबर असावी, एवढाच त्याचा हेतू. पण घरमालकांनी त्या बिचाऱ्या कागदाला बढती देऊन थेट न्यायाधीश केलं. ‘केस आहे’ एवढं कळलं की निकाल लागला. केस कसली, किती जुनी, सुटला की शिक्षा झाली, असल्या चौकशा कोर्टात होतात. चाळीत तेवढा वेळ कोणाला?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतले सुमारे 76 टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे त्यांच्यावर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. उद्या ते निर्दोष सुटले तरी नाव कागदावर येऊन गेलेलं असतं. काहींना तर केसचीही गरज पडत नाही. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1952मध्ये गेला, पण समोरचा पारधी आहे म्हटल्यावर मालकाच्या कपाळावर तो कायदा पुन्हा उमटतो. त्या कायद्यातून सुटलेल्या विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरणाऱ्या तुरुंगनियमांवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024मध्ये बोट ठेवलं. निकाल दिल्लीहून निघाला आहे, कसारा लोकलने येत असावा.

‘केस आहे, तर खोली नाही’ हा नियम इतका चोख असेल तर तो दिल्लीतल्या सरकारी बंगल्यांनाही लावावा. 2024च्या लोकसभेतल्या 543पैकी 251 खासदारांनी आपल्यावरचे फौजदारी खटले स्वतःच्याच प्रतिज्ञापत्रांत लिहून दिले होते, असं एडीआर या निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या संस्थेने मोजलं. जवळजवळ निम्मी लोकसभा सामानासकट रस्त्यावर येईल! लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षं शिक्षा भोगलेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांनी सहसा पुन्हा निवडणुकीला उभा राहू शकतो. देशासाठी कायदे करायला तो चालतो. मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी करून दहा बाय बाराच्या खोलीत झोपायला चालत नाही.

घरमालक म्हणतील, ‘चाळीत बायकापोरं आहेत, उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी?’ ही भीती खोटी नाही. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेल्याला शेजारी ठेवताना दहादा विचार करावाच. पण हातभट्टीच्या धाडीत सापडलेला किंवा बांधावरच्या मारामारीत नाव आलेला माणूसही त्याच मापाने मोजायचा? शिवाय नकार दिला म्हणून माणूस तालुक्यातून नाहीसा होत नाही. तो विनाकराराची, विनापावतीची खोली जास्त भाडं मोजून घेतो आणि पोलिसांच्या नोंदीतून बाहेर जातो. अर्जाचा मूळ हेतूच बुडाला.

न्यूयॉर्क शहरात 1 जानेवारी 2025पासून घरमालकाने आधी भाडेकरूची ऐपत वगैरे पाहून घर देऊ करायचं आणि मगच गुन्ह्याची नोंद तपासायची, तीही ठरावीक वर्षांमागची उकरायची नाही, असा कायदा आहे. आपल्याकडे कायद्याची वाट कशाला पाहायची? पगार पाहा, आधीच्या मालकाला विचारा, नोंद निघाली तर माणसाचं म्हणणं ऐका. तरीही नको असेल तर कारण लिहून द्या. ‘खोली कालच गेली’ असं तोंडावर सांगायचंच असेल, तर निदान दारावरची ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी आधी उतरवून ठेवा.